आलाय का बघ बरं ओटीपी!

२१ फेब्रुवारी २०२५. दहावीच्या परीक्षेचा पहिला दिवस, पेपर मराठीचा. परीक्षा सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, तोच जालना जिल्ह्यातल्या बदनापुरात पेपर फुटल्याची बातमी आली. प्रश्नपत्रिकेच्या झेरॉक्स प्रती मिळताहेत, असं सांगितलं जात होतं. वाहिन्यांवर पट्ट्या धावल्या, त्या पट्ट्यांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकले गेले आणि वर्गात बसलेल्या पोरांना काही कळायच्या आत त्यांच्या मामा-काकांना सगळं कळलेलं होतं.

मग राज्य मंडळाचा खुलासा आला. प्राथमिक चौकशीचा हवाला देऊन मंडळाने पेपर फुटल्याचा इन्कार केला. जी पानं दाखवली जात होती, त्यातली काही खासगी प्रकाशनाच्या प्रश्नपत्रिकेची होती आणि बाकीची हाताने लिहिलेली, असं मंडळाचं म्हणणं होतं. याचा अर्थ त्या दिवशी सगळं आलबेल होतं असा मुळीच नाही. केंद्राच्या भिंतीपलीकडून कॉपी पुरवण्याचा आजार मराठवाड्याला नवा नाही आणि हाताने उत्तरं लिहिलेली पानं आकाशातून पडत नाहीत. पण छापखान्यातून किंवा सीलबंद पाकिटातून पेपर आधीच बाहेर येणं वेगळं आणि पेपर सुरू झाल्यावर खिडकीतून चिठ्ठ्या जाणं वेगळं. पहिल्यात लाखो मुलांची परीक्षा रद्द होऊ शकते, दुसऱ्यात एका केंद्रावर कारवाई होते. त्या दिवशीच्या पट्टीत हा फरक नव्हता. खुलाशात होता, पण खुलासा पट्टीइतका फिरला नाही.

दहावीच्या विद्यार्थ्याला माध्यमांची ओळख करून द्यायची तर याहून चांगला धडा कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. परीक्षा त्याची, गाव त्याच्या ओळखीचं, आणि बातमी अर्धी खरी, अर्धी खोटी.

पेपरफुटीच्या अफवेला गिऱ्हाईक मिळतं त्याचं कारणही आहे. २०२४ मध्ये नीटच्या प्रकरणाचे धागे लातूरपर्यंत आले आणि तिथल्या शिक्षकांना अटक झाली. एकदा खरंच फुटला, मग पुढच्या वेळी कुणी ‘पेपर आहे माझ्याकडे’ म्हटलं की पोरगं ऐकून घेतं. २०२५ च्या नीटआधी परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने संशयास्पद दाव्यांची तक्रार करण्यासाठी वेगळी खिडकी उघडली, तेव्हा पेपर विकण्याचा आव आणणारे १०६ टेलिग्राम आणि १६ इन्स्टाग्राम चॅनेल नजरेत आले. अशा धंद्यात बहुतेकदा विकायला पेपर नसतोच. आगाऊ पैसे घ्यायचे, परीक्षेच्या रात्री ग्रुप बंद करायचा. फसलेला मुलगा पोलिसांत कोणत्या तोंडाने जाणार? तो स्वतःच पेपर विकत घ्यायला निघालेला. चोराने हे आधीच ओळखलेलं असतं.

ही फसवणूक परीक्षेपुरती थांबत नाही. जालना जिल्हाच घ्या. आठ तालुके, मोसंबीच्या बागा, सळईचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या. भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठ्याकडून एसटीने शहरात शिकायला येणाऱ्या पोरापोरींना घरी एक बिनपगारी नोकरी आहे. ती कुणी नेमून दिलेली नाही. पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता पडला का, हे त्याने बघायचं. पीकविम्याची पावती त्याने डाऊनलोड करायची. आईच्या ‘लाडकी बहीण’च्या दीड हजारांची ई-केवायसी, आजोबांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला, बापाचा फार्मर आयडी, सगळं त्याच्याच गळ्यात. ‘कुणालाही ओटीपी सांगू नका’ असं बँक दर आठवड्याला बजावते आणि दर आठवड्याला बाप शेतातून फोन करून म्हणतो, ‘आलाय का बघ बरं ओटीपी, सहा आकडी हाय म्हणे.’

ऑनलाइन सुरक्षेबद्दल मुलांना जे सांगितलं जातं, त्यात ही गोष्ट सहसा नसते. व्याख्यानं असतात ती मुलाने आपलं इन्स्टाग्राम कसं जपावं याबद्दल. प्रत्यक्षात त्या मुलाच्या एका मोबाईलवर चार माणसांची आधार कार्डं, तीन पासबुकांचे फोटो आणि सातबारा असतो. तो फसला तर घर फसतं. आणि त्याला घाईही असते, कारण पलीकडे रानात उभा असलेला बाप ‘झालं का?’ म्हणून विचारत असतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा हीच घाई राज्यभर झाली. सरकारी संकेतस्थळ दिवसभर अडखळत होतं. गुगलवर शोधलं की सारखी दिसणारी दुसरीच पानं पुढे येत. मुख्यमंत्र्यांचा फोटो तोच, रंग तोच, आधार क्रमांकाचा चौकोनही तसाच. खोट्या संकेतस्थळांपासून सावध राहण्याचं आवाहन तेव्हा करण्यात आलं. पण सावध राहायचं म्हणजे नेमकं काय बघायचं?

बघायचा तो पत्ता, आणि तो मागून. पोस्टाच्या पत्त्यात माणसाचं नाव आधी, गाव नंतर आणि जिल्हा शेवटी येतो. ‘जालना’ नावाचं हॉटेल पुण्यातही निघू शकतं, पण पत्त्याच्या शेवटी ‘जि. जालना’ असेल तरच ते जालन्यातलं. संकेतस्थळाचंही तसंच. सुरुवातीच्या ‘https://’मधल्या दोन रेघा सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडे जो तुकडा येतो, तो खरा. तिथे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असेल तर पान सरकारचं. ‘लाडकीबहीण’, ‘महाराष्ट्र’, ‘जीओव्ही’ हे सगळे शब्द पुढे आडवेतिडवे जोडून शेवटी ‘डॉट कॉम’, ‘डॉट ऑनलाइन’ किंवा नुसतंच ‘डॉट इन’ असेल, तर ते कुणाचंही असू शकतं. असं नाव वर्षाला काही शे रुपये मोजून कुणालाही घेता येतं. कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे पान खरं, हा समज तर आता सोडूनच द्यावा. पाठवलेली माहिती वाटेत कुणी वाचत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. माहिती चोराच्याच घरी चालली असेल तर तीही कुलूपबंद जाते.

पासवर्डचं म्हणाल तर पोरांनी मोठ्यांकडे बघून काही शिकावं अशी स्थिती नाही. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळातल्या अतिवृष्टीच्या अनुदानात कोट्यवधींचा घोळ झाल्याचं उघडकीला आलं, तेव्हा तहसीलदारांच्या लॉगिन आणि पासवर्डचा गैरवापर झाल्याची बाब चौकशीत पुढे आली. महसूलचे कर्मचारी निलंबित झाले, गुन्हे नोंदले गेले. यात कुणी परदेशी हॅकर लागला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मराठवाड्यातल्याच हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. तारीख ३० ऑगस्टची, खाली प्रेमाबद्दल दोन गोड ओळी आणि सोबत एक फाईल. फाईल उघडली आणि खात्यातून १ लाख ९० हजार रुपये गेले.

ती फाईल पीडीएफ नव्हती, एपीके होती, म्हणजे अख्खं ॲप. अशीच फाईल ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, ‘केवायसी अपडेट’ या नावांनी फिरते. तिच्यावर बोट ठेवलं की फोन एकदा अडवतो, ‘हे अनोळखी ठिकाणाहून आलंय, टाकू का?’ असं विचारतो. हप्ता यायचा असतो, आपण ‘हो’ म्हणतो. मग ॲप मेसेज वाचण्याची परवानगी मागतं. इथे खरा दरवाजा उघडतो. त्यानंतर बँकेचा ओटीपी आपल्याला दिसायच्या आधी पलीकडे पोचतो, म्हणजे ‘मी तर कुणालाच ओटीपी सांगितला नाही’ हे फसलेल्या माणसाचं म्हणणं अक्षरशः खरं असतं. शिवाय तेच ॲप आपल्या नावाने आपल्या सगळ्या ग्रुपवर तीच पत्रिका पाठवून देतं. ज्याला ती मिळते त्याला वाटतं, मामाकडे लग्न निघालंय आणि आपल्याला फोन केला नाही!

फाईल उघडून बसलात तर आधी नेट बंद करावं, फोन विमान मोडवर टाकावा किंवा सिमच बाहेर काढावं. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावं. फाईल पुसणं, ॲप काढणं हे त्यानंतर. बहुतेक जण उलट करतात. घाबरून ॲप शोधत बसतात आणि तेवढ्या वेळात दुसरा व्यवहार होऊन जातो.

लग्नाच्या सोंगाबद्दल जालनेकरांना मात्र कुणी फार सांगायची गरज नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर खात्याचा ताफा स्टील उद्योगावर छापे घालायला शहरात आला, तो वऱ्हाड बनून. गाड्यांवर वधूवरांच्या नावाचे आणि ‘दुल्हन हम ले जायेंगे’चे स्टिकर. दोनशेहून अधिक अधिकारी, शंभरावर गाड्या, ५८ कोटींची रोकड, ३२ किलो सोनं, आणि नोटा मोजायला लागलेले तेरा तास. ही बातमी पहिल्यांदा ग्रुपवर आली तेव्हा ती कुणी थट्टा समजून सोडून दिली असती, तर त्याला दोष देता आला नसता. पण ती खरी होती. म्हणून ‘ऐकायला अजब वाटतं ते खोटं’ हा नियम पोरांना शिकवून भागत नाही. पैशाने भरलेल्या खोल्यांचे फोटो कुणी काढले, कुठल्या वर्तमानपत्रांनी छापले, खात्याने निवेदन दिलं का, हे बघावं लागतं. एकाच गोष्टीचे तीन वेगळे माग मिळाले की मग विश्वास ठेवायला हरकत नसते.

अफवेने माणसं मारली जाऊ शकतात, हे महाराष्ट्राने २०१८ मध्ये पाहिलं. त्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज औरंगाबाद, परभणी, लातूर, नांदेड अशा सगळ्या बाजूंनी फिरत होते. जालन्याच्या शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या चांडगावजवळ जूनमध्ये जमावाने दोघांना ठार केलं. मग १ जुलै उजाडला. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवार, आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरले. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हे त्यांचं पिढ्यांचं जगणं. त्यांच्यातला कुणीतरी एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे त्या पाचांना मारून टाकलं. मारणाऱ्यांनी त्याचंही चित्रीकरण केलं.

त्याच दिवशी मालेगावात असाच जमाव एका कुटुंबाभोवती जमला होता. सोबत लहान लेकरू होतं. तिथे पोलीस वेळेवर पोचले, काही स्थानिकांनी मध्ये पडून त्या कुटुंबातल्या पाच जणांना वाचवलं. अफवा तीच होती.

त्या दिवसांत जो व्हिडिओ सगळ्यांत जास्त फिरला, त्याची हकीकत प्रत्येक शाळेत सांगण्यासारखी आहे. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांतलं एक उचलतात आणि सुसाट निघून जातात. कॅमेरा कुठल्याशा उंच जागेवरचा, सीसीटीव्हीसारखा. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हा व्हिडिओ कराचीतला. पाकिस्तानातल्या ‘रोशनी’ या हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने जागृतीसाठी तो केला होता. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि हातातला फलक उघडून दाखवतात, की कराचीत मूल पळवायला एवढाच वेळ लागतो. भारतात फिरला तो शेवटचा भाग कापून. चित्रफितीत खोटं असं काहीच घातलेलं नव्हतं, फक्त शेवट काढून टाकला होता.

जो विद्यार्थी व्हिडिओ मध्येच थांबवून त्या चौकटीचा स्क्रीनशॉट घेतो आणि गुगल लेन्सवर टाकतो, त्याला असल्या व्हिडिओचं मूळ बऱ्याचदा दोन-चार मिनिटांत सापडतं. मराठीतही न्यूजचेकर, फॅक्ट क्रेसेंडो यांसारख्या ठिकाणी पडताळणी होते, केंद्र सरकारच्या योजनांबद्दलचे दावे पीआयबीचा पडताळणी कक्ष तपासतो. अवघड आहे ते पुढचं काम. कराचीचा व्हिडिओ ज्याने ग्रुपवर टाकला तो सख्खा चुलता असतो, नाहीतर गावचा माजी सरपंच. ‘काका, हे खोटं आहे’ असं चारचौघांत लिहिणारं पोरगं लगेच ‘लई शिकलेलं’ ठरतं. त्यावर गावाकडच्या पोरांनी काढलेला तोडगा बरा आहे. ग्रुपवर काही लिहायचं नाही. काकांना वेगळा फोन लावायचा, खुशाली विचारायची आणि बोलता बोलता म्हणायचं, ‘तेवढा मेसेज काढून टाका बरं, पोलिसांचं लचांड नको.’ काका काढतात.

व्हॉट्सॲपने २०१८ च्या त्याच जुलैमध्ये पुढे पाठवलेल्या मेसेजवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे धाडण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून, कोविडच्या अफवांच्या दिवसांत, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. अशा मेसेजच्या डोक्यावर दुहेरी बाण दिसतो. तो दिसला की समजावं, पाठवणाऱ्याने हा मजकूर लिहिलेला नाही आणि त्याला लिहिणारा कोण हे ठाऊकही नाही.

अंतरवाली सराटीचं काय? अंबड तालुक्यातलं हे गाव १ सप्टेंबर २०२३ च्या संध्याकाळनंतर देशभर माहीत झालं. मराठा आरक्षणासाठीच्या मनोज जरांगे पाटलांच्या उपोषणाच्या ठिकाणी पोलिसांनी लाठीमार केला. आंदोलकांचं म्हणणं, शांत बसलेल्या बायापोरांवर लाठ्या चालल्या. पोलिसांचं म्हणणं, आधी दगड आले. दोन्ही बाजूंकडे व्हिडिओ होते. लाठी आधी की दगड आधी हे दहा सेकंदांच्या क्लिपमधून कधीच कळत नाही, कारण क्लिप कुठून सुरू करायची हे काढणाऱ्याने किंवा कापणाऱ्याने ठरवलेलं असतं. पुढे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आलं आणि तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लाठीमाराबद्दल माफी मागितली. जालन्यातल्या त्या वेळच्या कॉलेजच्या पोरांनी हे टीव्हीवर पाहिलं नाही. काहींचे मित्र मंडपात होते, काहींचे भाऊ पोलिसात. एकाच वर्गाच्या ग्रुपवर दोन्हीकडच्या क्लिप पडत होत्या.

याच आंदोलनात पुढे २६ फेब्रुवारी २०२४ ला अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद ठेवण्यात आलं. अफवा रोखण्यासाठी नेट बंद करण्याचा हा उपाय प्रशासनाला सोपा वाटतो, पण त्याचा दुसरा अर्थ असा, की खोट्याची शहानिशा करायचं साधनही त्याच बटणाने बंद होतं. फोनवरचं बोलणं आणि एसएमएस चालूच राहतात, तोंडी बातमी तर कुणाच्या बापाला बंद करता येत नाही. बंद पडतात ते क्यूआर कोडवरचे चहाचे पैसे आणि हुकते ती अर्ज भरण्याची शेवटची तारीख.

अशा वातावरणात पोरगं स्टेटस ठेवतं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही जणांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून वातावरण पेटलं. ७ जूनला बंद, दगडफेक, लाठीमार आणि मग तिथेही इंटरनेट बंद. स्टेटस चोवीस तासांत पुसलं जातं, गुन्ह्याची नोंद पुसली जात नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या जालन्यातल्या मुलाला हे विशेष लक्षात ठेवावं लागतं, कारण निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी असते आणि पहाटे उठून मारलेल्या दोन वर्षांच्या धावा त्या एका कागदावर अडतात.

पण भीतीची दुसरी बाजूही त्याला माहीत हवी. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या फक्त लाईक केल्या. दोघींना अटक झाली. त्यावरून श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ न्यायालयाने रद्द केलं. तरी पुढची काही वर्षं पोलीस ठाण्यांतून त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे लागतच राहिले. ‘ग्रुपमध्ये कुणी काही टाकलं तर ॲडमिन आत जातो’ हाही असाच एक पक्का समज. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिनवर २०१६ मध्ये सदस्याच्या मेसेजवरून गुन्हा लागला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला तो रद्द केला. ॲडमिनचा त्या मेसेजशी संगनमताचा संबंध दिसत नसेल, तर नुसता ॲडमिन म्हणून त्याला दोषी धरता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. ‘पोलिसांचं लचांड’ हे काकांना समजवायला ठीक, पण विद्यार्थ्याने स्वतः निकाल वाचलेला बरा.

आता नकली चेहरे आलेत. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा एका गेमिंग ॲपची जाहिरात करणारा व्हिडिओ फिरला, तेव्हा तो आपला नाही, असं सचिनने स्वतः जाहीर केलं आणि मुंबईत गुन्हा नोंदला गेला. सचिनला खुलासा करता येतो, तो ऐकायला देश असतो. भोकरदनच्या मुलीच्या फोटोवरून कुणी असलं काही बनवलं तर?

आणखी एक गोष्ट पोरं घरी बोलत नाहीत. अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल येतो, समोरचा पडदा रेकॉर्ड होतो आणि मग ‘पैसे टाक नाहीतर तुझ्या सगळ्या कॉन्टॅक्टना पाठवतो’ अशी धमकी. २०२२ मध्ये पुण्यात दोन तरुणांचा या छळात जीव गेला. पोलीस माग काढत राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात पोचले, तेव्हा हा धंदा तिथे किती माणसांचा झालाय ते कळलं. म्हणजे धमकी देणाऱ्याचं त्या मुलाशी काही वैर नव्हतं. दिवसाला शेकडो नंबर फिरवणाऱ्या टोळीला त्याचा नंबर लागला, इतकंच. अशा वेळी पैसे दिले की मागणी वाढते. पैसे न देता, चॅट न पुसता, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवून १९३० ला किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. अठराच्या आतलं पोर असेल तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ आहे, मनावर ओझं आलं तर टेली-मानसचा १४४१६ आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. पण कुठल्याही क्रमांकाआधी घरातलं एक माणूस असं लागतं, ज्याला ‘माझ्याकडून असं झालंय’ हे सांगता येईल. रोज सगळ्या घराचे ओटीपी बघणाऱ्या पोराला स्वतःच्या फसवणुकीबद्दल बोलायला जागा नसावी, हे मोठं विचित्र आहे.

शिकवण्याचे प्रयत्न होतात, नाही असं नाही. केरळात कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी सरकारी शाळांतून खोट्या बातम्या ओळखण्याचे तासच सुरू केले. गोवर-रुबेला लशीबद्दलच्या अफवांनी मोहीम अडल्यावर त्यांना ते सुचलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम काढला. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सायबर जागरूकता दिवस पाळावा, असंही ठरलेलं आहे. महाराष्ट्रात क्विक हील फाउंडेशनच्या उपक्रमात कॉलेजची मुलंच शाळांत जाऊन धडे देतात, पथनाट्यं करतात. यातलं शेवटचं सगळ्यांत उपयोगी. बारावीच्या ताईने आठवीच्या वर्गात येऊन आपला मोबाईल काढून दाखवला की पोरं ऐकतात. सभागृहातल्या पाहुण्यांच्या व्याख्यानाला हजेरी लागते आणि फोटो निघतो.

पैशाचा आकडा बघितला तर याची निकड कळते. सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले होते, २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. ‘डिजिटल अटक’ नावाची कुठलीही गोष्ट भारताच्या कायद्यात नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं. १९३० वर फोन गेला की चोरीची रक्कम ज्या ज्या खात्यातून पुढे सरकते तिथे तिथे अडवण्याची सोय आहे, आणि त्यातून पाच हजार कोटींहून जास्त रक्कम वाचली आहे. पहिल्या तासाभरात फोन केला तर पैसे सापडण्याची शक्यता मोठी, दुसऱ्या दिवशी केला तर फार थोडी.

ही खाती कुणाची असतात, हा प्रश्न विद्यार्थ्यांना सहसा विचारलाच जात नाही. उत्तर असं, की बऱ्याचदा त्यांच्याच वयाच्या पोरांची. होस्टेलवर कुणीतरी ‘भाऊ’ भेटतो. म्हणतो, तुझं खातं दोन महिने वापरायला दे, पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम दे, पाच-दहा हजार रोख घे. गेमिंगचे पैसे आहेत, टॅक्सची भानगड आहे, काही होत नाही. पोराला वाटतं खातं तर रिकामंच आहे, माझं काय जाणार? जून २०२५ मध्ये सीबीआयने अशा भाड्याच्या खात्यांवरून अनेक ठिकाणी छापे घातले, तेव्हा सातशेहून अधिक बँक शाखांतल्या साडेआठ लाख खात्यांचा विषय निघाला.

हैदराबादेत कुणाची तरी पेन्शन लुबाडली जाते, त्यातले चाळीस हजार या खात्यातून तीन मिनिटांसाठी जातात आणि खातं गोठतं. महाडीबीटीची शिष्यवृत्ती त्याच खात्यात यायची असते, ती तिथेच अडकते. जालन्याच्या शाखेतला साहेब हात वर करतो. तक्रार तेलंगणातली, तपास अधिकारी तिथला, शाखेकडे आहे तो फक्त तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव. तो कागद घेऊन पोराला आणि त्याच्या बापाला रात्रीच्या गाडीने हैदराबादेला जावं लागतं, तेलुगू येत नसताना आपण चोर नाही हे सांगायला, आणि पोराचं नाव तोवर साक्षीदारांच्या नाही, आरोपींच्या यादीत असतं.